गोगलगाईचं पुस्तक आणि बाबांची बादली

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात मी पत्रकं लिहिते. कुठल्या पिकावर कुठली कीड येते, ती कशी ओळखायची आणि मग तिचं काय करायचं, हे शेतकऱ्याला एका पानात समजेल असं लिहायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा म्हणजे कळेल. साहेब म्हणणार, मॅडम, जरा शास्त्रीय भाषा ठेवा. शेतकरी म्हणणार, बाई, हे कुणासाठी लिहिलंय? या दोघांच्या मधे बसून मी इतकी वर्षं काढली. पत्रकात वरचा मजकूर किडीप्रमाणे बदलतो, पण शेवटची ओळ बहुतेक वेळा एकच असते, 'गोळा करून नष्ट करावे.' ती ओळ लिहिताना माझा हात कधी थांबला नाही. थांबायचं कारणच काय?

आणि संध्याकाळी घरी आल्यावर कुकर लावून मी पोरांसाठी गोष्टी लिहिते. नवऱ्याला याची मोठी गंमत वाटते. तो म्हणतो, दिवसभर मारायचं आणि संध्याकाळी जिवंत करायचं, बरं चाललंय तुझं. मी त्याला म्हणते, तू कांदा चीर.

माझं पहिलं छापील पुस्तक गोगलगाईवर निघालं. आमच्या गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीवर एका पावसाळ्यात एक गोगलगाय आली होती. मी पोळ्या लाटायला घेतल्या तेव्हा ती कुंडीच्या बुडाशी होती, आणि पोळ्या होऊन ओटा पुसून झाला तरी ती काठाला पोचली नव्हती. मला तिचा हेवा वाटला. एवढी निवांत बाई मी आमच्या घराण्यात पाहिली नव्हती. मग तिच्यावरच लिहिलं. पातळसं, रंगीत चित्रांचं पुस्तक. गोष्ट म्हणावी असं त्यात काही नाही. एक गोगलबाई आहे आणि तिचा रोजचा दिवस आहे, बस. ती लग्नाला निघते आणि पोचते तेव्हा त्याच जोडप्याच्या बाळाचं बारसं चालू असतं, आणि सगळे म्हणतात, बरं झालं, वेळेवर आलात. नको असलेले पाहुणे आले की ती आत जाते आणि आतूनच सांगते, 'बाई घरात नाहीत.' पाहुणे म्हणतात, 'अहो, पण घर चाललंय कुठं?' असली सगळी गंमत. पोरं हसतील एवढीच माझी अपेक्षा होती.

हसले ते माझे बाबा. आमचं गाव वडीगोद्रीच्या आतल्या बाजूला, हायवे सोडून गाडीवाट धरली की लागतं. बाबा शिकले सातवीपर्यंत. पेपर वाचतात तोही मोठ्यानं, ओळीवर बोट ठेवून, शेजारी कुणी असो नसो. आणि माणूस म्हणाल तर बिलकुल हळवा नाही. गोठ्यात साप निघाला तर हातातला चहाचा कप खाली ठेवून जायचे आणि चहा निवायच्या आत परत यायचे. शेतातल्या उंदरांची बिळं धुरी देऊन मोकळी करायचे. लहानपणी एकदा उंदराच्या डोळे न उघडलेल्या पिल्लांसाठी मी रडले होते, तर म्हणाले, 'रडाया येळ असंल तर खुरपं घे.' तेव्हापासून मी त्यांच्यासमोर कुठल्याही प्राण्यासाठी रडले नाही.

असे बाबा त्या पुस्तकावर लुब्ध झाले. आधी त्यांना लोक विचारायचे, 'पोरगी कंपनीत काय करती?' ते सांगायचे, 'लिहिती.' आणि लोक पुढं काही विचारायचे नाहीत. लिहिणं म्हणजे काय काम झालं? आता त्यांच्या हातात पुरावा आला. पिशवीत पुस्तक घातल्याशिवाय ते घराबाहेर पडेनात. चहाच्या टपरीवर वाचलं, गिरणीत वाचलं, एसटीत शेजारच्या माणसाला वाचून दाखवलं. आई फोनवर तक्रार करायची, 'दहाव्याला गेल्ते तिथंबी पुस्तक न्हेल्तं. म्या पिशवीच हिसकून घेतली.'

एकदा वडीगोद्रीला उतरले तर कटिंगच्या दुकानातून ओळखीचा आवाज आला. मी बाहेरच उभी राहिले. आत एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून खुर्चीत बसलेलं आणि बाकड्यावर बाबा. मी लिहिलं होतं, 'गोगलबाई लग्नाला निघाल्या.' बाबा वाचत होते, 'निघाली बगा गोगलबाई लग्नाला. आता हिचा इस्पीड तुम्हाला ठाऊकच हे.' दुकानदार इतका हसत होता की त्यानं वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालापासून लांब धरला होता. बाबांनी माझी निम्मी वाक्यं बदलली होती आणि खरं सांगते, ती माझ्यापेक्षा चांगली झाली होती. मला भरून आलं. कुणी हार घातला असता तरी एवढं बरं वाटलं नसतं.

ते सगळं उन्हाळ्यात. मग पेरण्या झाल्या आणि आमच्या भागात खऱ्या गोगलगायी निघाल्या.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना सांगून पटत नाही. सोयाबीन उगवून येतं, दोन दोन पानांच्या हिरव्या ओळी दिसतात, माणूस बांधावर उभं राहून समाधानानं बघतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओळ नाही. नुसती माती, आणि मातीवर चकाकणाऱ्या चिकट रेघा. ओळीच्या ओळी खाऊन गोगलगायी दिवसा ढेकळांखाली, गवताच्या गड्ड्यात जाऊन झोपतात. आमच्या बांधाकडचा निम्मा तुकडा असा गेला. बाबांनी तो परत पेरला. दुसरी पेरणी होते, तिसरी होत नाही, कारण तोवर पेरणीचे दिवस निघून गेलेले असतात. हा पेरा गेला की ते रान दिवाळीपर्यंत उघडं राहणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि आई फोनवर हल्ली दुसरं काही बोलतच नव्हती.

गोगलगायींवरचं आमच्या कंपनीचं पत्रक मीच लिहिलेलं. पाचोळा साफ करावा. गोणपाटाची पोती गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी शेतात जागोजाग टाकावीत. सकाळी पोत्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, नष्ट कराव्यात. विषारी गोळ्याही असतात, पण आमच्याकडे शेळ्या मोकळ्या हिंडतात म्हणून आईला त्या नको होत्या. मी पत्रकांचा गठ्ठा गावात नेऊन दिला. बाबांनी आपलं पत्रक दाराशेजारच्या खिळ्याला अडकवलं. आईचं गुळावर भांडण झालं. म्हणाली, 'त्यांना गूळ चारायचा आन् आपण फिका च्या प्यायचा व्हय?' पण पोती टाकली.

फोन केला की बाबा म्हणायचे, 'येचून राह्यलो. बादली भरती रोज.' मी म्हणायची, मग कमी होतील. आई मागून ओरडायची, 'कुठं कमी व्हत्यात? जेवढ्या न्हेत्यात तेवढ्या परत येत्यात.' मला वाटायचं, आईचं नेहमीचंच. गोगलगायी वेचून मारल्या तर कमी व्हायलाच पाहिजेत, मी पत्रकात तसं लिहिलं होतं.

एका शनिवारी मी गावी गेले. बाबा दळण घेऊन वडीगोद्रीला गेले होते. मी हातपाय धुवून टेकते न टेकते तोच शेजारची काकू आली. तिचं शेत आमच्याच वाटेनं पुढं, गायरानाला लागून आहे. आईची ती जुनी मैत्रीण, दोघी एकमेकींच्या घरी न विचारता चहा करून पितात. त्या दिवशी मात्र दारातच उभी राहिली, आत येईना.

'अक्का,' ती आईला म्हणाली, 'भाऊजींची तब्येत बराबर हे ना?'

आई म्हणाली, 'का गं?'

काकूनं सांगितलं ते असं. ती सकाळी शेळी घेऊन गायरानाकडं गेली, तर पळसाच्या झुडपांत कुणीतरी उकिडवं बसलेलं. शेजारी बादली. आधी तिला वाटलं, कुणी करणीबिरणी करतंय. शेळीचं दावं धरून ती हळूच पुढं गेली तर आमचे बाबा. बादलीतून एकेक गोगलगाय काढून पळसाखाली ठेवत होते. टाकत नव्हते, ठेवत होते. आणि खाली पपईची पानं अंथरलेली.

'रोजचं हे ते,' काकू म्हणाली. 'पानं काल-परवाची बी व्हती. अक्का, तुम्ही तुमच्या रानातल्या येचायच्या आन् माझ्या बांधाला आणून सोडायच्या? माझंबी दुबार पेरलेलं हे. म्या आठ दिसांपून बघून राह्यले, माझ्याच कडच्या ओळी कामून जात्यात.' हे बोलताना तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानंच मला जास्त लाज वाटली. ती भांडली असती तर परवडलं असतं.

आई तर खालीच बसली. एवढ्यात बाबा आले. खांद्यावर पिठाचा डबा. तिघीजणी दारात बघून ते अंगणातच थांबले आणि त्यांना समजलं. डबा खाली ठेवला, टोपी काढली, परत घातली.

'बादली कुठं रिकामी करता व्हो?' आईनं विचारलं.

'गायरानात,' बाबा म्हणाले. खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

'कामून?'

बाबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. आणि माझा पारा चढला. माझा राग नवऱ्याच्या ओळखीचा आहे, ऑफिसातल्या शिपायाच्या ओळखीचा आहे, पण बाबांवर तो मी कधी काढला नव्हता. त्या दिवशी काढला. म्हटलं, बाबा, तुम्हाला पत्रक दिलं, त्यात सरळ लिहिलंय, मीठ टाका म्हणून. गोगलगाय काय मांजर आहे का गावाबाहेर सोडायला? त्या पुन्हा येणार, आणि येता येता काकूचं खाऊन येणार. एवढी वर्षं शेती केलीत, हे मी सांगायला पाहिजे? दुसऱ्यांदा पेरलंय तुम्ही. हेही गेलं तर काय करणार आहात?

बाबा ओट्यावर बसले. मग काकूकडं बघून म्हणाले, 'वहिनी, माझं चुकलं. मला वाटलं तिथं पपई टाकली का पोट भरंल, कुठं जाणार न्हाईत.' आणि मग मला म्हणाले, 'तुझ्या पत्रकातलं समदं केलं बाई. पाचोळा काढला, पोते टाकले, येचल्या. शेवटचं तेवढं न्हाई जमलं.'

'का पण? तुम्ही साप मारता, बाबा.'

'सापावर तू पुस्तक लिहिलं का?'

आई म्हणाली, 'घ्या.' काकूला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. पण बाबा गंमत करत नव्हते. ते पुढं बोलले ते मी जसंच्या तसं सांगते, कारण ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

'पयल्या दिशी टाकल्त्या मिठात. बादलीत खडे मीठ घेतलं, पाणी घेतलं, टाकल्या. तुझ्या पुस्तकात ते पान हे ना, उन्हाळ्यात गोगलबाई दार लावून घेती आन् आतून म्हणती, पाऊस आला का उठवा. ते म्या किती लोकांला वाचून दाखवलं. लोक तिथं लई हसते. तर त्या बादलीत पडल्या आन् समद्या आत गेल्या. फेस येत व्हता आन् त्या आत आत जाऊन राह्यल्त्या. दार लावाया बघत व्हत्या. मला वाटलं, आता आतून काही बोलती का काय. मंग म्या हात घालून काढल्या भायेर. पर त्या मेल्त्या. दुसऱ्या दिसापून म्या मीठच न्हेलं न्हाई.'

मी म्हटलं, 'बाबा, ते लहान पोरांचं पुस्तक आहे. ती काही खरी गोगलगाय नाही.'

'ते मला कळतं गं. म्या काय पोरगं हे का? पर हातच चालत न्हाई त्याला काय करू?'

माझा राग कुठल्या कुठं गेला, आणि त्या जागी काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या पुस्तकाचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि त्या कौतुकापायी आमचं रान उघडं पडायला आलं होतं. काकूचंही. काकू आता उंबऱ्यावर टेकली होती. ती हळूच म्हणाली, 'भाऊजी, माझ्या रोपट्यालाबी जीव हे ना.' बाबा म्हणाले, 'हौ. बराबर हे तुमचं.' आईनं उठून चहा ठेवला, गुळाचाच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही चौघं निघालो. आई, काकू, बाबा आणि मी. आधी आमची पोती उलटली, मग काकूचा बांध धरला, शेवटी गायरान. बाबा आमच्या तिघींच्या पुढं होते. त्यांच्या हाताला जागा पाठ होती. 'त्या पळसाखाली बघ. न्हाई, मागच्या अंगाला. सावली लागती तिथं.' पपईच्या पानांखाली थप्पीच्या थप्पी बसलेल्या. काही पानांना देठ तेवढे उरले होते. काकू म्हणाली, 'भाऊजी, जावयालाबी एवढं कुणी घालत न्हाई.' बाबा हसले नाहीत. एकेक उचलून टोपल्यात ठेवत राहिले. ज्या गोगलगायी त्यांनी स्वतः इथं आणून सोडल्या होत्या, त्या आता तेच आम्हाला दाखवून देत होते, आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

गोठ्याजवळ आईनं घमेल्यात मीठ कालवलं. बाबांनी टोपलं आणून माझ्या पायाशी ठेवलं, 'घे' म्हणाले आणि विहिरीकडं जाऊन पाठमोरे बसले. आई म्हणाली, 'सरक, म्या करते. तुला न्हाई जमायचं.' तिला खरोखर काही वाटलं नसतं. मी म्हटलं, नको. पुस्तक मी लिहिलंय, पत्रकही मीच लिहिलंय. मधलं काम दुसऱ्यानं का करायचं?

मी टोपलं पालथं केलं. बाबांनी सांगितलं तसंच झालं. पांढरा फेस आला, आणि त्या आत जाऊ लागल्या. घाईनं. गोगलगाय घाई करू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं. तोंड फिरवावंसं वाटत होतं, पण फिरवलं नाही, सगळं थांबेपर्यंत बघत उभी राहिले. मग मला रडू आलं. गोगलगायींसाठी आलं की विहिरीकडं बसलेल्या त्या पाठीसाठी आलं, कुणास ठाऊक. बहुतेक पाठीसाठी. काकू म्हणाली, 'रडू नको बाई. जल्दी हात धू. वाळल्यावर चिकटा निघत न्हाई.' आणि तिनं माझे हात चुलीतली राख लावून स्वतः चोळून दिले.

पुढं आई आणि काकूनं ते काम रोज जोडीनं केलं. बाबा वेचायचे, त्या दोघी मीठ टाकायच्या. सोयाबीन उभं राहिलं. बांधाकडं विरळ होतं, मधे चांगलं होतं. काकूचंही तसंच. रान उघडं पडलं नाही. काकू येता-जाता बाबांना विचारायची, 'भाऊजी, पपई आणू का?' आणि बाबा म्हणायचे, 'आणा, म्या खातो.' एकमेकींच्या घरचा चहा पुन्हा न विचारता सुरू झाला. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं झालं माझं.

पण बाबा पुस्तक वाचेनासे झाले. त्यांनी तसं काही सांगितलं नाही, मला ते कटिंगच्या दुकानात कळलं. मी वडीगोद्रीला उतरले होते, दुकानदारानं हाक मारली. म्हणाला, 'ताई, काका आजकाल येतेत, दाढी करतेत, गप निघून जातेत. गिऱ्हाईक इचारतेत, गोगलबाई कुठं गेली म्हणून.' मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी गेले तर बाबांची पिशवी खुंटीला होती. आत छत्री होती, चष्मा होता. पुस्तक कपाटात, माझ्या लग्नाच्या अल्बमखाली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. माणूस आवडती वस्तू अशी ठेवतो आणि न बघवणारी वस्तूही अशीच ठेवतो. मी ते परत तसंच ठेवलं.

सोयाबीन निघून घरी आल्यावर मला प्रकाशकांचा निरोप आला. पोरांना गोगलबाई आवडली होती, त्यांना तसलंच आणखी एक पुस्तक हवं होतं, एखाद्या छोट्या जिवाचं, रोजच्या दिवसाचं. मी पहिला फोन बाबांना केला. खरं तर जरा भीतच केला.

बाबांचा आवाज एकदम फुलला. 'आणिक एक? वा. कशावर लिहिती आता?'

मी म्हटलं, 'ठरवलं नाही अजून. तुम्ही सांगा.'

ते म्हणाले, 'बाई, एक काम कर. अशा कुणाचं लिही, का ज्याला मला मारावं लागणार न्हाई.'

मी हसले. मग आम्ही बाप-लेक फोनवर शोधायला लागलो. मी म्हटलं, मुंगी. ते म्हणाले, 'धान्याच्या कोठीला पावडर मारतो की.' पोपट. 'ज्वारी हुरड्यात आली का गोफण घेऊन कोण उभं राहतं?' ससा. 'हरभऱ्याचे शेंडे कोण खातं?' मी उंदीर म्हटलं तर त्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. फुलपाखरू म्हटलं तर म्हणाले, 'आधी अळी असती ना ती.' बोलता बोलता ते रंगात आले होते, जुन्यासारखे, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी मुद्दाम चुकीची नावं घेत राहिले. आई मागून विचारत होती, काय चाललंय म्हणून.

शेवटी मला सापडलं. मी म्हटलं, 'बाबा, गांडूळ. गांडूळ तर तुमचा दोस्त आहे. माती खातं, माती करून देतं, कुणाच्या पानाला तोंड लावत नाही. त्याला मारायचं कारणच नाही.'

'गांडूळ,' बाबा म्हणाले. त्यांना पटल्यासारखं वाटलं. 'हौ. गांडूळ बराबर हे. लई कामाचं हे. रानात जिथं गांडूळ, तिथं...' आणि ते मधेच थांबले.

मी म्हटलं, 'काय झालं?'

'आन् नांगरताना गं?'

लहानपणी मी नांगराच्या मागं अनवाणी चाललेली आहे. ताज्या तासात, फाळानं उलटलेल्या त्या चरीत, गांडुळांचं काय झालेलं दिसतं ते मी पाहिलेलं आहे. मी फोन ठेवला नाही, आणि बाबांनीही ठेवला नाही.